एका बिलावर एकच किलो

"तू नक्की काय काम करतेस गं?" असं कुणी विचारलं की माहेनूर सांगायची, "संशय घेते. त्याचाच पगार मिळतो." ऐकणारे हसायचे. हसेनात का! खोटं काही नव्हतं त्यात. शहरात सात दुकानं असलेल्या एका किराणा बाजाराच्या स्वारगेटच्या ऑफिसात ती बसायची. गिऱ्हाइकांच्या बिलांचे आकडे पुढ्यात घ्यायचे आणि ठरवायचं, की माणसांचा सरासरी खर्च खरोखर बदललाय की नुसताच योगायोग आहे.

रीत सोपी होती. आधी गृहीत धरायचं की काहीसुद्धा बदललेलं नाही. मग आकड्यांना म्हणायचं, या, पाडा मला खोटं. त्यांनी पाडलं तर मुकाट्याने मान्य करायचं, नाही पाडलं तर गप्प बसायचं. आपल्याला काय आवडेल याला इथे कुणी विचारत नाही. आणि त्या आठवड्यात माहेनूरला काय आवडेल हे तिला फार म्हणजे फारच स्पष्ट माहीत होतं.

शनिवार पेठेतल्या दुकानाचा मॅनेजर संपत जाधव. खडकवासल्याच्या वाटेवरचा. त्याचं गाव कधीच शहरात विरघळलं, बोली तेवढी त्याच्याकडे शिल्लक राहिली. माहेनूर कॉलेजात असताना याच बाजारात बिलं करायला लागली, तेव्हा संपत तिच्या शेजारच्या काउंटरवर होता. तिचे वडील, रज्जाक, आजारी. घरात कमावणारी ही एकटी. स्टॅटिस्टिक्सचं लेक्चर असलं की संपत म्हणायचा, "जा गं तू, मी बसतो तुझ्या जागंवर." दोन-दोन काउंटर सांभाळायचा बिचारा, वर लोकांची बोलणी खायचा. ती शिकली, ऑफिसात गेली, आणि संपतकाका गेल्या दिवाळीत कसाबसा मॅनेजर झाला.

तेव्हापासून शनिवार पेठेतलं सरासरी बिल घसरत चाललं होतं. मालक दशरथशेठ म्हणाले, "गिऱ्हाईक हात आखडायला लागलंय. तुझा संपत दुकान बुडवणार. तपासून सांग, मग काय ते करतो."

माहेनूरने तपासलं. दिवाळीआधीची बिलं एका बाजूला, नंतरची दुसऱ्या बाजूला. उत्तर आलं. काहीच बदललं नसतं तर नुसत्या योगायोगाने एवढी घट दिसण्याची शक्यता शंभरात एकसुद्धा नव्हती. घट खरी होती. तिने महिने बदलून पुन्हा पाहिलं, तेच. तिसऱ्यांदा बोट कीबोर्डवर गेलं आणि तिची तिलाच लाज वाटली. हवं ते उत्तर येईपर्यंत उकरत बसायचं, ही तपासणी नव्हे, ही लबाडी. तिने रिपोर्ट पाठवून दिला. त्या रात्री तिने ताट तसंच सारलं, तर अख्तरबानू, म्हणजे तिची आई, एवढंच म्हणाली, "कुणाचा जीव घेऊन आल्यासारखी बसलीयेस." आईचं तोंड ते! नेमकं लागायचं तिथेच लागलं.

दुसऱ्या दिवशी शेठनी निरोप दिला. चारला भेट, संपतला कामावरून काढायचं पत्र टाइप झालंय. माहेनूरला वाटलं, त्याला हे शेठच्या तोंडून नको कळायला. दुपारीच गाडी काढून ती शनिवार पेठेत गेली आणि साखरेच्या पोत्यांपाशी उभं राहून एका दमात सगळं बोलून टाकलं.

संपत भांडेल असं तिला वाटलं होतं. भांडला असता तर बरं झालं असतं!

"तू तपासलंस?" त्याने विचारलं.

"हो, काका."

"परत?"

"परत तपासलं."

"मंग खरं आसंल." खिशातून दुकानाच्या चाव्या काढून त्याने रुमालात गुंडाळल्या आणि तिच्या हातात दिल्या. "शेठपुढं उभं ऱ्हायला लावू नगंस मला. तूच दे."

ती पर्समध्ये चाव्या टाकून बाहेर निघाली, तर काउंटरपाशी रांग अडलेली. सुशीलाबाई नावाच्या एक जुन्या गिऱ्हाईक आपल्या सामानाचे तीन ढीग करत होत्या. डाळी एकीकडे, तेल एकीकडे, साबण-सोडा तिसरीकडे.

"आजी, एकच बिल करू का?" काउंटरवरची मुलगी काकुळतीला आली होती.

"मुळीच नाही. ती पाटी वाचता येते ना तुम्हाला?"

पाटी शेठनी स्वतः लावलेली होती, दिवाळीत, फक्त याच दुकानात, करून बघायला म्हणून. 'तीनशेच्या वरच्या बिलावर साखर निम्म्या भावात. एका बिलावर एकच किलो. वाद घालू नये.'

"वाद घालतंय कोण?" सुशीलाबाई म्हणाल्या. "तीन बिलं करा, तीन किलो द्या. आणि तिन्हीवर मोबाइल नंबर घाला माझा, पॉइंट सोडायची नाही मी. एका बाईने एकच बिल करावं असं कुठे लिहिलंय? दाखवा."

मागचा माणूसही आपल्या सामानाचे दोन ढीग करत होता.

अगं बाई! माहेनूरच्या आत्ता लक्षात आलं. तिने बिलं मोजली होती, माणसं मोजलीच नव्हती! घट खरी होती, पण बिलाची. माणसाच्या खर्चाचं काय, ते तिला अजून माहीतच नव्हतं. संपतला हाक मारावी असं फार वाटलं, पण तिने ओठ आवळले. आता आशा दाखवायची आणि संध्याकाळी परत हिसकावून घ्यायची, एवढी क्रूर ती नव्हती. बाजीराव रस्त्याने ती स्वारगेटला परतली तेव्हा चार वाजून गेले होते.

शेठ पत्र पुढ्यात घेऊनच बसले होते. तिचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काल घट होती, आज नाही, उद्या वाढ म्हणशील. तू ज्योतिषाचं दुकान टाक."

"साहेब, आजही मला माहीत नाही. म्हणून उत्तर बघायच्या आधी नियम सांगते. जे नंबर देतात त्यांचीच बिलं घेते. एका दिवशी एका नंबरवर जेवढी बिलं, ती सगळी मिळून एक."

"शनिवार पेठेत नंबर देतं कोण? कमी माणसं घेतलीस की घट दिसणारच नाही, एवढं मलाही कळतं."

शेठ मूर्ख नव्हते, हीच तर पंचाईत. माहेनूर म्हणाली, "म्हणून आधी त्याच माणसांची बिलं सुटी ठेवून बघू. तिथे घट दिसली, तर माणसं पुरेशी आहेत. मग जोडून बघू."

"आणि जोडूनही घट राहिली तर?"

पर्समधल्या चाव्या तिच्या हाताला लागल्या. "तर पत्र मी स्वतः नेऊन देईन. आणि पुन्हा तोंड उघडणार नाही."

सुटी बिलं. घट, कालच्याइतकीच स्वच्छ. "बघ," शेठ म्हणाले. मग तिने बिलं जोडली. बटण दाबताना तिने चक्क डोळे मिटले, आणि उघडले ते शेठ खुर्चीतून पुढे वाकल्याचा आवाज आला तेव्हा. आधीची सरासरी आणि नंतरची, दोन्ही जवळजवळ सारख्याच. राहिलेला फरक योगायोगाने सहज पडेल एवढाच.

"म्हणजे लोक पूर्वीइतकाच खर्च करतायत?"

"कमी करतायत असं म्हणायला आधार नाही, साहेब."

"सरळ हो म्हणता येत नाही का गं तुला?"

"नाही येत."

 शेठनी पत्र उलटं करून त्याच्यावर चहाचा कप ठेवला. "ती पाटी काढायला सांग त्या संपतला. कुणी विचारलं तर म्हणावं, शेठला अक्कल आली."

माहेनूर शनिवार पेठेत पोचली तेव्हा संपत डबा पिशवीत घालून पोत्यांपाशीच बसला होता. तिने रुमाल त्याच्या मांडीवर ठेवला आणि जे झालं ते सांगितलं. त्याने चाव्यांना हात लावला नाही.

"परत तपासलंस?"

"तपासलं, काका."

"मंग खरं आसंल," तो म्हणाला. दुपारी म्हणाला होता तेच, त्याच सुरात.

माहेनूरला रडूच फुटलं. काउंटरवरच्या पोरी बघत होत्या, बघू देत. "काका, पाया पडते तुमच्या," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी काहीही घेऊन आले ना, तर आधी भांडा माझ्याशी."

"बरं," संपत म्हणाला, आणि चाव्या खिशात टाकून पाटी काढायला उठला.