पोरीचं राहू द्या

भिंतीवरच्या लिखाणाबद्दल लोकांना काय वाटतं ते विचारायला मी निघालो, आणि पहिल्याच रविवारी ओल्या रंगाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. निवडणूक नुकतीच होऊन गेली होती, तरी कुणाचा तरी ब्रश अजून थांबला नव्हता. पाठीवर अर्धी घोषणा घेऊन मी सक्करदऱ्यात दारोदार विचारत फिरलो, "भिंती रंगवलेल्या आवडतात का?" मी पाठ वळवली की लोक हसत हसत दार लावत. मला वाटलं, आपला स्वभावच लाघवी!

सत्तरचं दशक सरत आलं होतं. मी शाळामास्तर. ओळखीच्या एका प्राध्यापकांनी महापालिकेची ही पाहणी अंगावर घेतली होती आणि माझं अक्षर त्यांना आवडायचं. कागदावर प्रत्येक घरासाठी तीन चौकोन होते: पुसावं, राहू द्यावं, सांगता येत नाही. "खूण एकाच चौकोनात करा. गोष्टी लिहीत बसू नका," त्यांनी बजावलं होतं. मला ते चांगलेच ओळखत होते.

पुढच्या रविवारी विणकरांच्या गल्लीत गेलो. एका घरासमोर एक म्हातारी बाई सूत उकलत बसली होती. तिच्या भिंतीवर तीन पक्षांनी हात धुऊन घेतले होते. पण दाराशेजारी, त्या गर्दीतून वाचलेलं, लग्नातलं लिखाण होतं: शुभविवाह, नवरानवरीची नावं, तिथी आणि वर दोन हिरवे पोपट.

"हे मतं मागणाऱ्याईचं पुसा गा भाऊ, घाण करून ठेवली," ती म्हणाली. मग पोपटांवर हात ठेवून म्हणाली, "पोरीचं राहू द्या. उमरेडले दिली होती. पहिल्याच बाळंतपणात गेली. फोटो नाही काढला आम्ही तिचा."

मी मान हलवली. 'पुसावं'मध्ये खूण केली आणि पुढच्या घरी गेलो.

अहवाल गेला. प्राध्यापकांनी माझ्या अक्षराची तारीफ केली. दोनेक महिन्यांनी त्या गल्लीतून सायकलवर जात होतो, तर सगळ्या भिंती कशा पांढऱ्याशुभ्र! तिचीही. दाराशेजारीसुद्धा चुन्याचा जाड हात फिरला होता.

उतरलो. तिनं मला ओळखलं. आत बोलावलं, तांब्याभर पाणी दिलं. "मी घरी नव्हती गा. बाजारातून आली तं हे असं. तुम्ही तं सांगितलं असन त्याईले, पण ऐकते कोण?"

मी म्हणालो, "पेंटर घेऊन येतो. पुन्हा लिहून देईल, तस्संच."

"मेलेल्या पोरीचं लगन पुन्हा लिहिते का कोणी?" ती म्हणाली. रागानं नाही, समजावून सांगितल्यासारखं.

 पाणी पिऊन घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "ती खूण तुम्हीच केली, हे सांगितलं का त्याईले?"

"नाही."

"मंग पाणी काहून पिऊन आले त्याईच्या घरचं?"