बाहीवर उडणारं पाणी

जपानमधल्या त्सुकुबाच्या ज्या हॉस्पिटलमध्ये मी जंतूंचे नमुने गोळा करते, तिथे वॉर्ड पुसणाऱ्या एक साठीच्या बाई आहेत. एकेक काम संपलं की त्याकडे बोट दाखवून त्या "योशी", म्हणजे झालं, असं स्वतःशीच पुटपुटतात. माझ्याशी बोलणं हवापाण्यापुरतंच.

मागच्या महिन्यात एकाच वॉर्डातल्या तीन पेशंटना असा संसर्ग झाला, की नेहमीचं एकही अँटिबायोटिक लागू पडेना. आम्ही दारांच्या मुठी, पलंग, पडदे सगळं तपासलं, पण काहीच सापडलं नाही. तेव्हा बाई संकोचत म्हणाल्या, "नळ सोडला की सिंकच्या जाळीतून पाणी उडतं. माझी बाही रोज भिजते. तिथलं घेतलंत का?"

घेतलं नव्हतं. त्याच दिवशी जाळीवरून नमुना घेतला. तिसऱ्या दिवशी काचेच्या बशीत नेमका तोच जंतू दाट उगवलेला दिसला. मी जिने धावत चढले आणि वॉर्डात बाईंना गाठलं.

"सापडला. सिंकमध्येच होता," मी धापा टाकत सांगितलं.

बाईंनी कोणालाही न विचारता त्या नळावर चिकटपट्टी गुंडाळली. मग हातमोजे बदलत म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्यावर असेच आणखी दोन आहेत. चला."

मी त्यांच्यामागे जवळजवळ पळतच निघाले.