गोदूबाईची सहावी पाकळी

गोदूबाई मला कधीच आवडली नाही. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तिची वाडी. मी तिथे बायकांची सभा घ्यायला गेले की ही ओट्यावरून ओरडायची, "आली गो मोर्चेवाली! पोरींनो, कामाला लागा!" तिचा मुलगा रावजी गावकीचा प्रमुख. कोणी कोणाशी बोलायचं, कोणाच्या मयताला जायचं, हे ठरवणारा शहाणा. महाडच्या तहसील कचेरीत शिपायासमोरही हात जोडून उभा राहतो. वाडीत आला की छाती फुगते.

म्हातारीच्या हाताला वळण नव्हतं. लग्न होऊन आली तेव्हा सासू तिच्या भाकरीला "नकाशा" म्हणायची. सासू गेली, जावा गेल्या, चिडवणं राहिलं. आता सूनही तिला रांगोळीला हात लावू देत नाही.

गेल्या वर्षी मुंबईची एक संस्था या वाडीत लेस शिकवायला आली. घट्ट उशीवर नक्षीचा कागद, त्यावर टाचण्या, आणि लाकडी दांड्यांना गुंडाळलेले दोरे एकमेकांवरून ओलांडत, पीळ देत विणत जायचं. नक्षी कसली, तर हिमकणाची. सहा पाकळ्यांचा बर्फाचा कण! आमच्या बायकांनी बर्फ पाहिला तो मासळीवाल्याच्या पेटीतला. संस्थेच्या मॅडमनी फोटो काढले, "किती टॅलेंटेड आहात तुम्ही" म्हणाल्या आणि अर्ध्यात शिकवणं टाकून वीर स्टेशनकडे पळाल्या. अहवालाला फोटो पुरतात.

पण वाडीतल्या दुसऱ्या घरच्या उज्वला नावाच्या सुनेने मोबाईलवर बघून बघून सगळा हिमकण शिकून घेतला. मग बाकीच्या तिच्याकडे शिकू लागल्या. सगळ्यांत पुढे गोदूबाई. पाकळी सरळ आली का ते बघायला ही आधीच टाचण्या उपटायची आणि सगळं विस्कटायचं. उज्वला न बोलता पुन्हा मांडून द्यायची. शेवटी एक पाकळी जमली. म्हातारीने ती उशीसकट घरोघर मिरवली. "गणपतीच्या मखरात लावणार. येऊ दे भावकी. बघू दे कोणाच्या हाताला वळण नाय ते!"

सहावी पाकळी विणून झाली, पहिलीला जोडायची तेवढी राहिली, आणि गावकीने उज्वलाचं घर वाळीत टाकलं. गुन्हा काय? गावकीच्या उमेदवाराविरुद्ध तिने ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला अर्ज भरला. त्या घराशी बोलेल त्याला दंड. हे बेकायदा आहे, असं मी रावजीला तोंडावर सुनावलं. तो म्हणाला, "ताई, आमच्यात कायदा नाय, एकी हाय." एकी! एका बाईला घाबरून सगळ्या मिशा एका घोंगडीवर बसल्या, तिला हा एकी म्हणतो.

उज्वलाला म्हटलं, चल, तक्रार लिहू. "गणपती होऊ दे, ताई," म्हणाली. माझं डोकं फिरलं. तिच्या ओट्यावर बसून तिलाच झापत होते, तेवढ्यात कुंपणाबाहेर गोदूबाई येऊन उभी राहिली. काखेत उशी. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. अंगणातल्या कोंबडीला म्हणाली, "गो कोंबडे, शेवटची पाकळी पयलीला कशी जोडायची?"

उज्वला तांदूळ निवडत होती. तीही कोंबडीलाच म्हणाली, "कोंबडे, पहिल्या पाकळीच्या टोकातनं आकड्याने दोरा वर ओढ. त्याचा फास होईल. त्या फासातनं जोडीची दांडी काढ."

"जोडीची कुठची, कोंबडे?"

"डावीकडची."

"डावीकडं गुंता झालाय!"

कोंबडी कंटाळून परसात निघून गेली. "थांब गो सटवे!" म्हातारी खेकसली. मला हसू आलं, आणि लगेच तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्य शेतात झिजवलेल्या बायकांना कोंबडीआडून बोलायला लावतात, आणि म्हणे गावचे मोठे!

म्हातारीने एकदा गुंत्याकडे पाहिलं. मग कुंपणाचं बेडं ढकलून सरळ आत आली आणि उज्वलाच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"आत्ये, दंड होईल."

"होऊ दे. तू माझी बोटं धर आधी."

गुंता अजून सुटतोय तोवर चुगली पोचली. रावजी धापा टाकत कुंपणाशी आला. आत यायची हिंमत नाही.

"आये, ऊठ. लोक बघतायत."

"बघू दे. लोकांनी बघावं म्हणूनच करतेय."

"अगो, ठराव झालाय!"

"मग लाव दंड. माझ्याकडं काय हाय? तुलाच भरायचाय. उद्या बैठकीत उभा ऱ्हा नि सांग, माझी आय माझं ऐकत नाय."

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिला शिकवून बसवलं होतं. मी मुद्दाम हसले. तो गेला.

जोड बसला. म्हातारीने एकेक टाचणी काढली. हिमकण उशीवरून उचलला तरी विस्कटला नाही. एक पाकळी वाकडी होती; ते मी बोलले नाही.

बैठकीत रावजीने विषयच काढला नाही. ठराव मागे घेतला, असंही नाही. तेवढी धमक कुठून आणणार? पण आईला दंड नाही म्हटल्यावर बाकीच्या बायका उशा घेऊन उज्वलाच्या ओट्यावर उघड बसायला लागल्या.

गणपतीत हिमकण लावलेल्या मखरासमोर सगळी भावकी जमली. कोणीतरी विचारलं, "बाजारातनं आणलात काय हो हे?"

"मी केलाय," गोदूबाई मोठ्याने म्हणाली. "जोड उज्वलानं शिकवलाय. दारात हुबी हाय बघा. ये गो आत."

सगळे रावजीकडे बघायला लागले. त्याने झटकन टाळ उचलले आणि गळा काढून आरती सुरू केली. भक्ती कसली? कोणाला पुढचं विचारता येऊ नये म्हणून.