ड्रायरला हळदकुंकू

आमच्या घरात ड्रायर निवडण्याचं काम माझ्याकडे आलं, कारण बाकी सगळ्यांना कामं होती.

बायको मानसी हॉस्पिटलात सिस्टर. मुलगी सई शाळा, क्लास आणि कबड्डी यांच्या मधल्या वेळेत घरी येते ती फक्त मळके कपडे टाकायला. आईची एक नऊवारी अख्खी दोरी अडवते. आणि बाळकुमच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये बाल्कनीबाहेर कपडे वाळत घालायला बंदी! (बिल्डिंगचा लुक जातो म्हणे.) त्यामुळे जुलैमध्ये आमच्याकडे आलेल्या पाहुण्याला सोफा गाठायचा तर दोन चादरी आणि एक परकर बाजूला सारावा लागे.

त्यातच मानसीला बढती मिळाली. बारा वर्षं निळ्या ड्रेसमध्ये राबल्यावर इनचार्ज सिस्टरचा पांढरा ड्रेस! दोन नवे जोड शिवून आले. तीन आठवड्यांनी, सोमवारी सकाळी सातला पहिली ड्यूटी.

"नितीन, मी ओलसर ड्रेस घालून त्या वॉर्डात पाय ठेवणार नाही," तिने बजावलं. "तिथल्या जुन्या सिस्टर आधीच टपून बसल्यात. ड्रायर आण. परवडेल असा आण. आणि अभ्यास करत बसू नकोस!"

मी तीन आठवडे अभ्यास केला. रिव्ह्यू वाचले, व्हिडिओ पाहिले, आणि ड्रमच्या आकारमानावर आईला जेवताना व्याख्यान दिलं. शेवटी शनिवारी मानसीने मला ढकलतच दुकानात पाठवलं.

"साहेब, हा कपड्यातलं पाणी डब्यात गोळा करतो, तो महाग," सेल्समन म्हणाला. "हा वाफ पाइपने बाहेर सोडतो, तो स्वस्त."

"बाहेर म्हणजे कुठे?"

"बाहेर म्हणजे बाहेर, साहेब!"

मला पटलं. मी स्वस्तातला घेतला. रविवारी सकाळी मशीन आलं, आणि बाहेर म्हणजे बाथरूमची खिडकी असं ठरलं. ट्रायल सुरू होऊन पाच मिनिटं होत नाहीत तोच वरच्या मजल्यावरून फोन. "अहो, तुमच्या बाथरूमला आग लागलीय का?" मी त्यांनाही ड्रमचं आकारमान समजावून सांगितलं. त्यांनी फोन ठेवला.

मानसी नाइट ड्यूटी करून आलेली. नव्या कापडाची खळ जावी म्हणून तिने दोन्ही पांढरे ड्रेस वॉशिंग मशीनमध्ये धुऊन ठेवले. "संध्याकाळपर्यंत हे कडकडीत वाळलेले हवेत," एवढं बोलून ती झोपायला गेली.

आता कपडे टाकायचे, तेवढ्यात आई ताम्हण घेऊन आली. आमच्याकडे मिक्सर आला तरी पूजा होते, हा तर ड्रायर! तिने ड्रायरच्या दारावर बोटभर स्वस्तिक काढलं, नारळ वाढवला, झालं. एरवी मी अशा वेळी मोबाइलमध्ये डोकं घालतो. पण हे मशीन माझ्या निवडीचं होतं! मला एकदम भक्ती दाटून आली.

"आई, दारावर काय काढतेस? काम आत होतं. आत काढ!"

"अरे, आत नको रे. आत कपडे जायचेत."

"दे इकडे!" मी ओल्या हळदकुंकवाचं चांगलं ठसठशीत स्वस्तिक ड्रमच्या पोटात काढलं. वर मूठभर अक्षता टाकल्या. सुपारीही ठेवली.

"निदान आता पुसून तरी घे," आई म्हणाली.

"पूजेचं लगेच पुसतात का कुठे?" मी तिलाच धर्म शिकवला, ड्रेस आत कोंबले आणि बटण दाबलं.

मशीनने खडखड, टकटक, खडाम असा आवाज सुरू केला.

"बाबा, आतमध्ये काहीतरी आहे," सई म्हणाली.

"टेक्नॉलॉजी आहे ती. तू अभ्यासाला बस."

तासाभराने मी दार उघडलं. सुपारी माझ्या पायावर पडली. ड्रेस कडकडीत वाळले होते, यात वाद नाही. फक्त ते पांढरे नव्हते. एक गुलाबी झाला होता, दुसऱ्याच्या पाठीवर पिवळे फराटे होते, आणि दोन्हींच्या खिशांत अक्षता.

मानसी उठायला तासभर होता. मी साबणाची पावडर घेतली आणि बाथरूममध्ये बसून घासघास घासलं. पिवळे डाग बघता बघता लालभडक झाले! हळदीवर साबण पडला की ती लाल होते, हे घरात दोघींना माहीत होतं. एक झोपली होती आणि दुसरीला विचारायची मला लाज वाटत होती.

मानसी उठली. तिने ड्रेस हातात धरले, उलटे केले, सुलटे केले.

"बारा वर्षं वाट बघितली रे मी," एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरले.

आईने मला सोडवलं नाही. उलट म्हणाली, "मी सांगत होते त्याला!"

शेवटी मानसीने कळव्याला फोन लावला. तिथल्या सुनीता सिस्टर दुसऱ्या वॉर्डाच्या इनचार्ज, मापाने साधारण हिच्याएवढ्याच. "या, घेऊन जा," त्या म्हणाल्या. मी भर पावसात स्कूटर काढली. खाडीचा पूल ओलांडेपर्यंत पँटीचं पाणी बुटात उतरलं होतं.

सुनीता सिस्टरांनी दारातच पिशवी हातात दिली. आत ड्रेस. पांढराशुभ्र, कोरडा, घडीची धार बोटाला लागेल असा! एवढ्या पावसात? मला राहवलं नाही.

"सिस्टर, तुमच्याकडे ड्रायर कुठला आहे?"

"ड्रायर?" त्या हसल्या आणि आत बोट केलं. "तो बघा."

आत त्यांचा नवरा बनियनवर उभा राहून दुसऱ्या ड्रेसवर इस्त्री फिरवत होता. माझ्याकडे बघून त्याने मान हलवली. "पंख्याखाली टाकायचा, मग उलट्या बाजूने इस्त्री," तो म्हणाला. "सोपं आहे. रोज करतो मी."

येताना पूलभर मला खूप वाईट वाटत होतं. बारा वर्षांत मी मानसीचा एक ड्रेस कधी हातात घेतला नव्हता. घेतला तो असा.

सोमवारी ती तो ड्रेस घालून ताठ मानेने गेली. मला बघायला आवडलं. तिने मागे वळून बघितलं नाही, तेही समजण्यासारखं होतं.

आता ड्रायरमध्ये टॉवेल आणि सईचे कबड्डीचे कपडे जातात. पांढरे ड्रेस मी वाळवतो, उलट्या बाजूने इस्त्री करून. परवा सुनीता सिस्टरांनी मानसीला फोनवर विचारलं, "मग काय, मिळाला का माझ्याकडच्यासारखा ड्रायर?"

"मिळाला," मानसी माझ्यासमोरच म्हणाली. "आवाज फार करतो, मधेच बंद पडतो, पण घरात होताच, वेगळा आणावा लागला नाही."