चार बोटांच्या पट्ट्या

माझी मोठी जाऊ कौशल्याताई बावीस वर्षांपासून अकोल्यात नवरीचे ब्लाउज शिवते. हात सोन्याचा, पण तोंडाला लगाम नाही. कुणी मोबाइलवर नव्या फॅशनचा फोटो दाखवला, की आधी फोटोतल्या ब्लाउजच्या चुका काढणार आणि मग त्याहून सरस शिवून देणार.

कृषी विद्यापीठात शिकणारी फोलाके तिच्याकडे पहिल्यांदा आली ती साडीवरच्या ब्लाउजसाठी. नायजेरियातली योरुबा मुलगी, हिंदी कामापुरती. फिटिंग इतकं आवडलं, की स्वतःच्या लग्नाचं कापडही घेऊन आली. आईने तिकडून पाठवलेलं, विटकरी, जरीचं, चांगलं जाडजूड. तिकडच्या नवऱ्या हल्ली अशाच पारंपरिक कापडाचा अंगासरसा, उघड्या खांद्यांचा ब्लाउज करतात. तसाच तिला हवा होता. पुढच्या आठवड्यात विमान होतं.

ती गेल्यावर ताईने कापड पसरलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. चार-चार बोटांच्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या.

“नवरीच्या आंगावर जोड? आपल्याकडे तं ओटीतबी असं कापड टाकत नाई. गरीब असन बिचारीची माय. तुकडे जोडून पाठवले.”

“फोन करून विचारा ना,” मी म्हटलं.

“काहून लाजवतं तिले?”

ताईने स्वतःच्या खर्चाने तशाच रंगाचं अखंड ब्रोकेड आणलं. पट्ट्या मी उसवल्या. खरं सांगते, मलाही पुण्य केल्यासारखं वाटत होतं. ताईने त्या कापून गळ्याला पायपिंग लावलं, उरलेल्यांचा बटवा शिवला.

फोलाके आली, ब्लाउज पाहून हसली, मग टेबलावर शोधू लागली. “आंटी, मम्मी का कपड़ा?”

ताईने कौतुकाने बटवा पुढे केला. “हे पाय, एक जोड दिसू देला नाई.”

मुलगी स्टुलावर बसली. “आंटी, वो जोड़ नहीं था. असो-ओके ऐसे ही बुनते हैं.” अरुंद मागावर पट्टी विणायची, पट्ट्या शिवून कापड करायचं. लग्नात आईकडच्या सगळ्या बायका हेच कापड घालणार होत्या.

ताई कात्रणांच्या पिशवीत हात घालून बसली. हातभर सलग पट्टी सापडेना. मला तर तोंड कुठे लपवू असं झालं.

तेवढ्यात आईचाच व्हिडिओ कॉल आला. फोलाकेने ब्लाउज घाईने पाठीमागे सारला, डोळे पुसले आणि हसत हसत बोलू लागली. मग फोन ताईसमोर धरला. “मम्मी को बोला, बहुत अच्छा बना है. वो थैंक यू बोल रही है.”

आईच्या डोक्यावर त्याच कापडाचा उंच फेटा होता. एकूणएक जोड दिसत होता, आणि बाई राणीसारखी शोभत होती. तिने आपल्यासारखे हात जोडले. ताईचे हात काही पिशवीतून निघाले नाहीत.

फोलाके गेली तरी ताई मान वर करेना.

“मी तिच्या मायले भिकारीण समजली, आरती,” ती म्हणाली. “आन् तिनं मले हात जोडले.”