कागदी कप

मैत्रिणींनो, दुपारपासून एकच गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हणून लिहितेय.

फ्रँकफर्टला येऊन इतकी वर्षं झाली, पण मला जर्मन वाचता येत नाही. माझी पंधरा वर्षांची ईशा तिच्या पुस्तकांतल्या गोष्टी मला मराठीत सांगते. आज मी लसूण सोलत होते. गोष्ट एका कृष्णवर्णीय मुलीची. आई साफसफाईची कामं करते आणि पोरीला पायलट व्हायचंय. ती अभ्यासाला मैत्रिणीकडे जाते, तर तिथली आई सगळ्यांना काचेच्या ग्लासात सरबत देते आणि हिला कागदी कपात.

मी म्हटलं, "देव बघतोय म्हणावं असल्या बायकांकडे!"

ईशा म्हणाली, "आई, तू आमिनाला कशात देतेस?"

आमिना तिची वर्गमैत्रीण, आईवडील घानाचे.

"अगं, वाढदिवसाचे कप उरले होते. वाया का घालवायचे?"

"मग आमिनाबरोबर लेना येते, ती जर्मन आहे म्हणून तिला काचेचा ग्लास का?"

रोज देवापुढे बसणारी मी, लसणाची ताटली बाजूला सारली. म्हटलं, "उद्या बोलाव आमिनाला."

"ती नाही येणार, आई. हे पुस्तक तिनेच मला दिलंय."

तिच्या घरी जाऊन माफी मागावी म्हणते. पण तिच्या आईसमोर सुरुवात कशी करू? सांगा ना कुणीतरी.