न धुतलेली लोकर

हर्षालीनं पोत्याचं तोंड सोडलं, आत हात घातला आणि कपाळ बडवून घेतलं. लोकर होती, नाही असं नाही. पण कशी? काळीभोर, मऊसूत, साबणाच्या वासानं घमघमणारी!

"मामा, धुतली?"

"मंग! दोनदा." भिमाजीमामांच्या मिशीत हसू मावत नव्हतं. "आदी मेंढरं वढ्यात घातली. कातरल्यावर लोकर पुन्यांदा पावडरीत भिजवली. तुझ्या मामीनं वरून शिकेकाईबी टाकली."

"अहो, पन मी काय सांगितलं व्हतं? फोनवर सांगितलं, तुमच्या भरतदादाला सांगितलं, मामीला तर शपथ घातली. धुऊ नका म्हनून!"

"ते तू म्हननारच की," गजरामामी चहाची कपबशी पुढं करत म्हणाली. "आमाला तरास नको म्हनून. घरचीच पोरगी तू, तुजी भीड आमाला कळत न्हाई व्हय?"

आता या माणसांपुढं डोकं फोडावं की भिंतीवर? पेठ गावात पाहुण्यानं 'चहा नको' म्हटलं की आधण ठेवायचं, ही पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. 'नको' म्हणजे खरंच नको, असंही कधी असू शकतं, हे मामीच्या गावीच नव्हतं. हर्षालीनं चहा घेतला आणि रागानं एका घोटात संपवला. जीभ पोळली ती वेगळीच.

तिची नोकरीच मुळी चिडचिडीची. समुद्रात जहाज फुटलं, समुद्रातल्या तेलविहिरीची नळी फाटली आणि तेल पाण्यावर पसरलं, तर काय करायचं याची आधीपासून तयारी ठेवणं हे तिचं काम. सरकारी शास्त्रज्ञ. तहान लागायच्या आधी विहीर खणायची म्हणजे कुणाला पटतं? गावात विचारतात, "आवंदा सांडलं का गं तेल?" नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "मंग पगार कशाचा देत्यात?" गावाचं एक सोडा, दिल्लीहून आलेले साहेबही तेच विचारतात, फक्त जरा शुद्ध भाषेत.

तेल टिपायच्या परदेशी गाद्या बंदरातल्या गोदामात कुलपात. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यांत एकही नाही. तेल काय गोदामाचा पत्ता विचारून येणार आहे? म्हणून हर्षालीनं डोकं चालवलं. आपल्याकडच्या मेंढरांची राठ लोकर कुणी घेत नाही, बांधावर कुजते. तिच्या अंगचा मेणचटपणा पाणी झटकतो आणि तेल धरतो. त्या लोकरीच्या गाद्या करून गावोगावी ठेवाव्यात, एवढी साधी गोष्ट. हे पटवण्यात दोन वर्षं गेली. आता कुठं समिती एकदा बघायला तयार झाली होती. एकच प्रयोग, परवा सकाळी. फसला तर फाईल बंद, असं अध्यक्षांनी तोंडावर सांगितलं होतं.

आणि इथं मेण सगळं ओढ्यात गेलेलं!

"मामा, धुतलेली लोकर पान्यात बुडती. माजं सगळं काम बुडवलंत तुमी!" तिचा आवाज चढला. "कुनी सांगितला व्हता शहानपना?"

मामांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ते खाली बघून म्हणाले, "मळकी लोकर सायबापुढं नेशील, नाकं मुरडत्याल. म्हनत्याल, धनगराघरची. एकदा झालं तेवढं बास झालं की."

हर्षालीनं पोत्याचं तोंड पुन्हा बांधलं. वडील लवकर गेले, तिला मामांनीच शिकवलं. जुन्नरच्या वसतिगृहात मामा भेटायला आले, की खोलीतल्या मुली नाकाला ओढणी लावून "मेंढरं आली, मेंढरं आली" करायच्या. ते मामांच्या कानावर गेलं. पुढच्या खेपेपासून मामा फाटकाबाहेरच थांबायला लागले, घोंगडी रस्त्यापलीकडं ठेवून. तिनं कधी विचारलं नाही, त्यांनी कधी सांगितलं नाही.

पण आता रडत बसायला वेळ कुठं होता?

"समदी धुतली? एकबी मेंढी ऱ्हायली न्हाई?"

"त्या दोन वल्या बाळंतिनी हायत," मामी म्हणाली. "व्यालेलीला पान्यात कोन घालतंय?"

"काढा कातर!"

मामा कातरत होते आणि दर दोन-चार कातरींमागं म्हणत होते, "लई घान हाय गं. काटं हायत. लेंड्या हायत. निदान झटकून तरी..."

"हात लावायचा न्हाई, मामा! आहे तश्शी भरा!"

निघताना ती धुतलेलं पोतंही गाडीत टाकायला लागली. मामांना वाटलं, मन राखायला नेतेय. खरं म्हणजे तिलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

प्रयोगाच्या दिवशी खोलीत पोतं उघडलं आणि अध्यक्षांनी खिशातून रुमाल काढला.

"कसला वास हा? मॅडम, हे कुठून उचललंत?"

हर्षालीची कानशिलं तापली. क्षणभर ती पुन्हा वसतिगृहात होती. मग ती म्हणाली, "माझ्या मामांच्या वाड्यातून सर. आमच्या घरच्या मेंढ्या आहेत."

तिनं टाकीत काळं तेल ओतलं आणि लोकर सोडली. लोकर तरंगली, तेल पिऊन फुगली, खालचं पाणी दिसायला लागलं. दोघातिघांनी माना पुढं केल्या. अध्यक्षांचा रुमाल मात्र नाकावरच. "परिणाम उत्तम आहे. पण अशी घाण आम्ही मंजूर कशी करायची? स्वच्छ धुऊन घ्यायची अट घालू या. लिहा."

हर्षालीला वाटलं, मामा निदान प्रेमानं धुतात. हा माणूस डोळ्यांनी बघून धुवा म्हणतोय! ती तरातरा कोपऱ्यात गेली, दुसरं पोतं ओढत आणलं आणि शिकेकाईचा वास येणारा गोळा दुसऱ्या टाकीत सोडला. गोळा पाणी प्यायला, जड झाला आणि सावकाश तळाला जाऊन बसला. वर तेल जसंच्या तसं.

"ही स्वच्छ धुतलेली, सर. दोनदा. कुठली अट घालायची ते सांगा."

अध्यक्षांनी लिहिणाऱ्याला अट खोडायला सांगितली.

बाहेर येऊन तिनं मामांना फोन लावला. तरंगली का, बुडाली का, मंजूर झालं का, यातलं मामांनी काहीच विचारलं नाही.

"पोरी, नाक मुरडलं का कुनी?"

"मुरडलं मामा. चांगलं रुमाल लावून मुरडलं."

"मंग?"

"मंग काय? मुरडलेल्या नाकानंच सही केली."

पलीकडं मामांनी मेंढरांना दोन हाका घातल्या. मग घसा खाकरला.

"म्हंजी न धुता दिली असती, तरी चाललं असतं म्हन की!"

"अहो मामा!" हर्षाली भर रस्त्यात ओरडली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. "हेच तर घसा फाटेस्तोवर सांगत व्हते ना मी!"